भजनी मंडळाची वही

कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था नाही असे गाव शोधून सापडणार नाही, आणि भजनी मंडळ नाही असेही सापडणार नाही. दूध संस्थेला सचिव असतो, रजिस्टर असते, वर्षाचे ऑडिट असते. भजनी मंडळाला यातले काहीच नसते. एक पत्र्याची पेटी, तिच्यात टाळांचे दहा-बारा जोड, एक पखवाज, एक हार्मोनियम, खुंटीला एक वीणा आणि दोन-चार वह्या, एवढीच त्याची जिंदगी. सभासदांची यादी कोणी केलेली नसते. गुरुवारी रात्री जेवून देवळात येऊन बसेल तो सभासद, चार गुरुवार आला नाही तर त्याच्या घरी कोणीतरी विचारायला जाणार, एवढाच नियम. तरीही संस्थांत फूट पडून एकाच्या दोन आणि दोनाच्या चार होतात, आणि भजनी मंडळ तीन-तीन पिढ्या चालते. आमचे असेच माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालले आहे.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि ते शहराच्या बाबतीत खोटे नाही. गायन समाज देवल क्लब तिथे १८८३ पासून आहे. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले. शाहीर लहरी हैदर आणि त्यांच्यामागून शाहीर पिराजीराव सरनाईक यांनी डफावर थाप मारली की माणसे उभ्या उभ्या ऐकत. या सगळ्यांविषयी लिहून आले आहे आणि यावेही. पण शहरापासून सायकलीच्या अंतरावर, पंचगंगेच्या काठी, दर गुरुवारी रात्री जे चालते त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ते गायन म्हणावे की नाही, याचीच लिहिणाऱ्यांना शंका असावी.

आमचे गाव करवीर तालुक्यात, नदीला लागून. सगळी ऊसशेती आणि घरटी दोन-तीन म्हशी. मंडळात म्हणाल तर पखवाजवाला उसाचा शेतकरी, एक टाळकरी पिठाच्या गिरणीचा मालक, एक एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, एक शिंपी आणि बाकीचे सगळे बांधावरचे. मी हार्मोनियमवर बसतो आणि वर्गणी सांभाळतो. वर्गणी दुधाच्या बिलातून निघते. दहा दिवसांचे बिल झाले की ज्याचे त्याने वीस रुपये माझ्याकडे द्यायचे. एवढ्यात हार्मोनियमची दुरुस्ती, पखवाजाची पुडी आणि आषाढी-कार्तिकीचा फराळ भागतो. कोणाची म्हैस आटली की त्याची वर्गणी थांबते, ती व्याली की परत सुरू होते, हिशोबात ते कोणी विचारत नाही.

बिदागी घ्यायची नाही हा जुना पायंडा. वास्तुशांत असो, सत्यनारायण असो, नाहीतर कोणाच्या उत्तरकार्याची आदली रात्र असो, नारळ, विडा आणि चहा, एवढेच घ्यायचे. मध्यंतरी शेजारच्या एका गावच्या मंडळाने रातीचा दर ठरवला. त्यांचे कपडे एकसारखे झाले, लाऊडस्पीकर नवा आला, आणि दोन वर्षांत पैशाच्या वाटणीवरून मंडळ मोडले. यात कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. ज्याचे पोट कलेवर आहे त्याने दर जरूर घ्यावा. आमचे पोट उसावर आणि दुधावर आहे.

बारीची रीत सगळीकडे साधारण सारखीच. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, मग दोन-तीन अभंग चढत्या लयीत, मध्यरात्रीच्या सुमाराला गवळण, त्यानंतर डोळे मिटू लागलेल्यांना जागे करायला भारूड किंवा एखादे सोंग, आणि पहाटे भैरवी व आरती. ठेका बहुतेक आठ मात्रांचा भजनी. बघणाऱ्याला तो सोपा वाटतो, पण एक टाळकरी अर्ध्या मात्रेने पुढे गेला की सगळी बारी गाडीच्या मोडक्या चाकासारखी लंगडू लागते. पखवाजाचे तर घरातल्या लेकरासारखे करावे लागते. उजव्या तोंडाला शाई असते ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ताजी भिजवलेली कणीक थापावी लागते, तरच तो घुमतो. कणीक सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर आवाज कोरडा येतो. बारी संपली की ती खरवडून काढायची, नाहीतर उंदीर पुडी खातात. आमच्या पखवाजवाल्याची बायको चपातीच्या कणकेतला गोळा आधीच बाजूला काढून ठेवते. त्याच्या पिशवीत तो फडक्यात गुंडाळलेला असतो.

सराव पूर्वी गुऱ्हाळावर होई. हंगामात गुऱ्हाळघर रात्रभर जागे असे. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय, चुलीपुढे ऊब आहे, आणि बाहेर थंडी. तिथे बसून पद बसवण्यासारखे सुख नव्हते. गुळव्याला झोप लागू नये म्हणून त्यालाही भजन हवेच असे. आता आमच्या शिवारातली गुऱ्हाळे एकामागून एक बंद झाली, ऊस कारखान्याला जातो, आणि सराव देवळात येऊन बसला. देवळाच्या फरशीवर मांडी लवकर गार पडते, एवढीच तक्रार.

हे सगळे चालते कशावर, तर वहीवर. जुन्या लोकांच्या तोंडी तिचे नाव बाड. आमच्या दोन मोठ्या वह्या होत्या. संतांचे अभंग त्यांत थोडे होते, कारण ते छापील गाथेत आहेतच. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, नाथांचे, नामदेवांचे वेगळे. हवे तेव्हा पुस्तक उघडावे. वहीत होते ते कुठल्याच पुस्तकात नसलेले. गावातल्याच दोघा-तिघा जुन्या माणसांनी रचलेल्या गवळणी, कलगी-तुऱ्याच्या भेदिक फडांतून कोणीतरी ऐकून आणलेले सवाल, एका दुष्काळी सालाचे पद, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात चाल कोणती, ठेका कोणता. काही चाली नाटकातल्या होत्या, काही अगदी सिनेमातल्या. कोणाला हे पटत नाही, पण माणूस ज्या चालीवर मान डोलावतो त्या चालीवर त्याला देवाचे नाव ऐकवावे, यात बिघडले काय?

२००५ साली महापूर आला तेव्हा देवळात छातीएवढे पाणी होते. ते ओसरल्यावर भिंतीवर तांबड्या रंगाने खूण केली, आणि खुणेच्या वर दोन हात सोडून फळी ठोकून पेटी तिच्यावर ठेवली. चौदा वर्षे ती तिथे सुखात होती. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र जे झाले ते आमच्या म्हाताऱ्यांनीही पाहिले नव्हते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग बंद पडला, मग आमच्यासारख्या गावाचे काय सांगावे! जनावरांची दावी सोडली, म्हातारीकोतारी नावेत घातली आणि माणसे पाहुण्यांकडे, शाळांत, मठांत जाऊन राहिली. तेव्हा पेटी कोणाच्या ध्यानात येणार होती? आली असती तरी नावेत जागा म्हशीच्या रेडकाला आधी दिली असती, आणि ते योग्यच झाले असते.

परत आलो तेव्हा गावाला चिखलाचा आणि कुजलेल्या उसाचा वास येत होता. फळी खाली आली होती आणि पेटी देवळाच्या कोपऱ्यात उपडी पडली होती. टाळ तेवढे धड होते. चिंचेच्या कोळाने घासले की झाले. पखवाजाच्या पुड्या फुगून फाटल्या होत्या, वाद्या सडल्या होत्या आणि शिसवीच्या खोडाला उभी भेग गेली होती. हार्मोनियमचा भाता सुटला होता, पितळी सूर हिरवे पडले होते. वीणेचा भोपळा तर हाताला लागताच बसला. शेतकरी बंधूंना ठाऊक असेल, हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात मुद्दाम पिकवतात, वाळवतात, आणि मिरजेचे कारागीर त्यांची तंतुवाद्ये करतात. त्या कारागिरांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच घराण्यांच्या हातांमुळे. तर वीणा, हार्मोनियम, पखवाज यांची काळजी नव्हती. पैसे जमवले की वाद्य मिळते. पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेल्या आमच्या पोरांनी पैसे धाडले, गिरणीवाल्याने आपली गिरणी गाळात असताना दोन हजार काढून दिले, आणि दिवाळीपर्यंत वाद्ये उभी राहिली.

वह्यांचे तसे नव्हते. आम्ही त्या उन्हात पान पान सुटे करून वाळत घातल्या. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अलीकडची पदे बॉलपेनने लिहिलेली होती, ती चिखल झाडल्यावर वाचता येत होती. जुनी पदे शाईच्या पेनाने, काही तर टाकाने लिहिलेली, ती सगळी विरघळून निळ्या ढगासारखी कागदावर पसरली होती. म्हणजे सिनेमाच्या चालीवरची राहिली, आणि आजोबांच्या वेळची गेली. कंडक्टर म्हणाला, "तुकोबाची गाथा तेराव्या दिवशी वर आली. आमची वही तेराव्या दिवशी वर आली खरी, पण कोरी हून आली."

हसलो सगळे, पण ती रात्र मंडळाची शेवटचीच असे मला वाटले होते. बारीत नुसता ठेका ऐकायला कोणी बसत नाही.

"बुवांच्या तोंडात हाय की सगळं," पखवाजवाला म्हणाला. बुवा म्हणजे आमचे मुख्य गाणारे. त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि पन्नास वर्षे त्यांनी बारी ओढली होती. बाकीचे आम्ही झीलकरी. आम्हाला ध्रुपद येते, कडवी येत नाहीत, कारण कडवे बुवांनी म्हणायचे आणि आम्ही ध्रुपद झेलायचे, अशीच वाटणी. तेव्हा दसऱ्यानंतर मी रोज संध्याकाळी दूध घालून झाले की नवी वही घेऊन बुवांच्या सोप्यात जाऊन बसू लागलो.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. बुवांना सांगता येईना. "पहिल्या कडव्यात काय हाय बुवा?" विचारले की ते छताकडे बघत बसायचे. मग मी छोटी पेटी घेऊन गेलो, सूर धरला, आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली तशी पदे सुटत आली. सांगायला गेले की अडते, म्हणायला गेले की येते. लिहून घेणाऱ्याची मात्र त्रेधा, कारण म्हणणारा थांबत नाही, आणि थांबवले की तार तुटते. मी दोनदा-दोनदा म्हणवून घेई. पहिल्यांदा सम ओळी आणि दुसऱ्यांदा विषम, अशी युक्ती काढली. धनगर मंडळींची ओवी याच कारणाने वहीत राहत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडारा उधळत, ढोलावर त्यांची गाणी चालतात, रात्र रात्र चालतात, पण एकाच्याही हातात कागद दिसत नाही. सोन्थायमर नावाचे जर्मन विद्वान, १९९२ साली वारले, त्यांनी धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे हिंडून त्या ओव्या टेपवर घेतल्या. बिरोबाची आणि धुळोबाची ओवी मग इंग्रजीत पुस्तकरूपाने २०१४ साली आली. त्यांना आधी टेप लागली, कागद मागून. माझ्याकडे मुलाचा मोबाइल होता, पण बुवांना तो समोर ठेवला की घसा धरायचा. म्हणून कागदच.

कार्तिकात बुवांचा घसा खरोखरच धरला. म्हणायला लागले की तिसऱ्या कडव्याशी खोकला यायचा, आणि खोकला थांबेपर्यंत कडवे निसटायचे. अशीच एक गवळण चालली होती, गावातल्याच एका जुन्या माणसाने रचलेली. गवळणी पहाटे दूध घेऊन नदीच्या घाटावरून बाजारला निघाल्या आहेत, आणि तो आडवा उभा आहे. दोन कडवी मिळाली, तिसरे येईना. बुवांनी तीनदा सूर धरला, तीनदा सोडला. मी वही मिटणार, तोच आतल्या सोप्यातून, सुपाच्या आवाजाबरोबर, तिसरे कडवे आले. सावकाश, अगदी बारीक आवाजात, पण चालीत.

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

"तुला कसं ठावं?" बुवांनी विचारले.

"पन्नास वर्सं गोठ्यात धार काढताना तुम्ही काय मुक्याने काढत हुता व्हय?" काकी म्हणाल्या. "म्हस पान्हवायची न्हाई तुमच्या गाण्याबगर. मी शेणकूट करत असतो, मला काय ऐकू येत न्हाई?"

पुढचे कडवे बुवांना आठवले आणि वाद सुरू झाला. बुवांच्या म्हणण्यात गवळणीच्या डोक्यावर घट होता. काकी म्हणाल्या, घट नव्हे, चरवी. बुवा म्हणाले, पन्नास वर्षे मी घटच म्हणतोय. काकी म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय घट, पण तुमचा बा म्हणायचा चरवी. मी नवी सून हुतो तवा ऐकलंय. आणि दूध घटात कोण नेतंय? घट नवरात्रात बसवत्यात."

मी वहीत चरवी लिहिले. बुवांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणे ठेवले नाही.

त्यानंतर मी काकींच्याच समोर बसू लागलो. त्यांच्याकडून तेहतीस पदे मिळाली, त्यांतली सात अशी की बुवाही विसरून गेले होते. एकट्या काकींचेच असे होते असे नाही. जुन्या पखवाजवाल्याची बायको, वय ऐंशीच्या पुढे, हिने दुष्काळाचे पद पुरे सांगितले. भांगलणीला जाणाऱ्या तिघी-चौघींनी मिळून दोन भारुडे जुळवली. एकीला एक ओळ, दुसरीला दुसरी. पुरुषांच्या बाऱ्या देवळात होत, बायका बाहेरच्या कट्ट्यावर लेकरे मांडीवर घेऊन बसत, आणि आम्ही समजत होतो की त्या पेंगताहेत. जात्यावरच्या ओव्यांचे असेच झाले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी बायकांकडून त्या जमवायला घेतल्या, तेव्हा एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. घरोघरी विजेची गिरणी आल्यावर ज्या ओव्या संपल्या असे सगळे धरून चालले होते, त्या या बायकांच्या पोटात होत्या. फक्त कोणी विचारले नव्हते.

माघापर्यंत वही भरत आली. २०२० च्या महाशिवरात्रीला पहिली बारी करायचे ठरले, आणि तिथे पेच पडला. तिसऱ्या कडव्याला बुवांचा घसा टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होते. वही माझ्यापुढे, पण माझा आवाज हार्मोनियमखाली जाणारा. शिंप्याने सरळ विचारले, "काकींनी म्हटलं तर?"

देवळात शांतता झाली. वडीलधाऱ्यांपैकी दोघांना ते रुचले नाही. एक म्हणाले, मंडळात कधी बाई बसलेली नाही. दुसरे म्हणाले, उद्या गाव काय म्हणेल. त्यांचे म्हणणे मी इथे टिंगल म्हणून देत नाही. ती माणसे पावसापाण्यात मंडळासाठी झिजलेली आहेत, आणि आपण मोडलेली रीत परत जोडता येत नाही ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण गिरणीवाला म्हणाला, "जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचं आपण रोज म्हणतो. त्या आल्या असत्या तर आपण कट्ट्यावर बसवल्या असत्या काय?" यावर कोणी बोलले नाही. होकारही दिला नाही.

काकींना विचारायला मी गेलो. त्या म्हणाल्या, "मी मधी बसणार न्हाई. खांबाला टेकून बसतो. पद अडलं तर म्हणतो, न्हाई अडलं तर गप बसतो."

त्या रात्री त्या खांबाला टेकून बसल्या, डोक्यावर पदर, हातात काही नाही. पद तिसऱ्या कडव्याशी अडले. बुवांनी मान वळवली आणि खांबाकडे पाहिले, एवढेच. काकींनी उचलले. ध्रुपदाला आम्ही झेलले, आणि झेलताना माझ्या हातांना एकदम कळले की काहीतरी चुकते आहे. सूर त्यांना खाली पडत होता. त्या वरचे गाठायला आणि खालचे सोडायला धडपडत होत्या. पुढच्या पदाला मी पेटीवर वर चढलो. पेटीला ते सोपे, बोटे सरकवली की झाले. पण पखवाज तिथे येऊ शकत नव्हता. तो एका सुरात लावलेला असतो, त्यामुळे तो खालीच घुमत राहिला. ऐकणाऱ्यांना ते फारसे कळले नसावे, कारण कट्ट्यावरच्या बायका आता उठून आत आल्या होत्या, आणि चरवीच्या कडव्याला त्यांनी जो आवाज दिला त्यात पखवाज बुडून गेला. ज्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली होती ते पहाटेच्या आरतीपर्यंत बसून होते. त्यांतल्या एकाने जाताना काकींना "वैनी, येतो" म्हटले. इतर वेळी ते बुवांचा निरोप घेत.

महिन्याभरात टाळेबंदी आली आणि देवळाला कुलूप लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, २०१९ ला मागे टाकील असा. पण या वेळी पेटी शाळेच्या माडीवर होती आणि वहीच्या तीन नकला झालेल्या होत्या, सगळ्या बॉलपेनने. एक माझ्याकडे, एक काकींकडे, एक पुण्याला कंडक्टरच्या मुलाकडे.

आता बुवा चौऱ्याऐंशीच्या आसपास आहेत. येऊन बसतात, टाळ धरतात, म्हणत नाहीत. गुरुवारी पुरुष आणि सोमवारी बायका असे झाले आहे, आणि एकादशीला सगळे मिळून. सोमवारच्या बारीला चौदा-पंधरा जणी असतात, गुरुवारी आम्ही आठ भरलो तरी खूप. तरुण पोरांना गणपतीत डॉल्बीपुढे नाचायला वेळ असतो, गुरुवारी नसतो. मी त्यांना दोष देत नाही, पण मला ते आवडत नाही, हेही लपवत नाही.

राहता राहिला पखवाज. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक, काळी दोन या पट्टीत बसतो. बायकांना काळी चार, काळी पाच लागते. आमचा पखवाज हातोडीने ठोकून किती वर चढवणार? वादी ताणली की पुडी फाटते. दोनदा फाटली, आणि दोन्ही वेळा खर्च मंडळाच्या पैशातून गेला. सोमवारच्या बायका सध्या टाळावर आणि टाळीवर भागवतात. त्यांना लहान तोंडाचा, वरच्या पट्टीत लागणारा दुसरा पखवाज हवा. किंमत दहा-बारा हजारांच्या घरात आहे. या चैत्रात त्यासाठी बैठक झाली. शिलकीत साडेसहा हजार होते. एकाचे म्हणणे पडले की बायकांनी आपली वर्गणी वेगळी काढावी. त्यावर काकींनी बसल्या जागेवरून विचारले, "दुधाच्या बिलातनं वर्गणी जाती ती. धार कोण काढतंय?"

ठराव मंजूर झाला. उरलेले पैसे दोन बिलांत जमले.

पखवाज वैशाखात आला. वाजवायला बुवांची नात बसणार आहे, ती नववीत आहे. पोरगी हाताने हलकी आहे आणि तिचा डावा हात अजून उशिरा पडतो, पण तिला ऐकून लगेच कळते, हे महत्त्वाचे. शिकवायचे आमच्या पखवाजवाल्याने कबूल केले आहे. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येते. रात्रीच्या आठवड्यात त्याला उसाला पाणी द्यायला जावे लागते, त्या आठवड्यात शिकवणी बंद. बाकीच्या आठवड्यांत संध्याकाळी सात ते आठ, बुवांच्या सोप्यात. कणीक काकी देतात.